स्टँडवरचा कागद आणि गिटारवाल्याचा रुसवा

"ताई, आमचा पाच जणांचा बँड आहे, सगळे नोकरी सांभाळून गाणारे-वाजवणारे. मी मेन गायक. मागच्या शोला एका गाण्याचं दुसरं कडवं मला आठवेचना, मी घाबरून तिसरं सुरू केलं, ड्रमर भलतीकडे, कीबोर्डवाला भलतीकडे, नुसता गोंधळ. तेव्हापासून समोर स्टँडवर टॅब ठेवतोय. आता गिटारवाला रुसलाय. म्हणतो, बघून गाणारा गायक म्हणजे कागद वाचणारा पुढारी, स्टँड राहणार असेल तर मी नाही. त्यात गेल्या शोनंतर एक श्रोता येऊन 'छान वाचलंत' म्हणून गेला, ते फारच लागलं. नोकरी करून २२ गाणी पाठ करायची कधी? स्टँड ठेवू की काढू? – विसरभोळा"

अरे विसरभोळ्या,

'छान वाचलंत' हे लागणारच, मलाही लागलं असतं. पण खरं सांगू का, मला तो श्रोता तुझ्या गिटारवाल्यापेक्षा जास्त कामाचा वाटला. गिटारवाला इज्जतीचं बोलतोय, आणि हा माणूस त्याला खाली खुर्चीत बसून जे दिसलं ते बोलतोय. आणि त्याला काय दिसलं असेल? टॅब नाही दिसला, त्याला तुझं डोकं दिसलं, म्हणजे डोक्यावरचे केस. तू अख्खा शो मान खाली घालून गायलास असं माझं ठाम मत आहे, पत्रात तू लिहिलेलं नाहीस तरी.

तर ठेव बाबा स्टँड. काढू नकोस. पण त्यावर आत्ता जे ठेवतोयस ना, गाण्याचे सगळेच्या सगळे शब्द, ते काढ.

आधी त्या इज्जतीचं बघून टाकू. स्टेजवर आधार घेणं हे काही काल-परवाचं खूळ नाही. ऑपेराच्या थिएटरांत स्टेजच्या पुढच्या कडेला एक छोटी पेटी असायची, अजूनही काही ठिकाणी असते, त्यात प्रॉम्प्टर बसतो आणि गायकाला पुढच्या ओळीचे पहिले शब्द जरा आधी पुरवतो. प्रेक्षकांकडे पेटीची पाठ, त्यामुळे त्यांना पत्ताच नाही. म्हणजे जे लोक तीन-तीन तास न बघता गातात म्हणून आपण तोंडात बोटं घालतो त्यांच्याही पायाशी एक माणूस बसलेला असतो. आणि 'पाठच हवं' हा हट्ट तरी किती जुना? १८३७ मध्ये क्लारा वीक (पुढे लग्नानंतरची क्लारा शुमान) बर्लिनमध्ये समोर नोटेशन न ठेवता पियानो वाजवायला बसली, वय वर्षं १७, तर बेटिना फॉन आर्निम या नामवंत लेखिकेने नाक मुरडलं की केवढी ही ऐट! तेव्हा पाठ वाजवणं हाच आगाऊपणा होता, समोर कागद असणं ही सभ्यता. नंतर वारं फिरलं. आणि विसाव्या शतकातला स्विआतोस्लाव रिख्टर, पियानोतला केवढा मोठा माणूस, तो उतारवयात अंधाऱ्या हॉलमध्ये एकच दिवा नोटेशनवर लावून वाजवायचा, उघड उघड, सगळ्यांसमोर. त्याची इज्जत गेल्याचं काही ऐकिवात नाही.

गायकांचं म्हणशील तर अमेरिकेचा नामवंत गायक फ्रँक सिनात्रा शेवटच्या वर्षांत टेलिप्रॉम्प्टर (समोर शब्द दाखवणारा पडदा) बघून गायचा. आपल्या लताबाई गाणं स्वतःच्या अक्षरात उतरवून घ्यायच्या आणि स्टेजवर हातात वही धरून उभ्या राहायच्या, आणि त्यांना 'छान वाचलंत' म्हणायला कोणी गेलं असेल असं मला तरी वाटत नाही. का नाही गेलं, ते कळलं की तुझा प्रश्न सुटला.

अमेरिकन गायिका बार्ब्रा स्ट्राइसँडचा किस्सा मात्र तुझ्यासाठी मुद्दाम सांगते कारण तू सध्या त्याच पायरीवर उभा आहेस. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये लाखावर लोकांसमोर ती गाण्याचे शब्द विसरली, आणि त्याचा एवढा धसका घेतला की पुढची जवळपास २७ वर्षं तिने सुरुवातीचे काही लास व्हेगासचे शो आणि एखाद-दुसरा मदतनिधीचा कार्यक्रम सोडला तर तिकिटाचे शो करणंच टाळलं. १९९४ ला परत टूरवर आली ती समोर टेलिप्रॉम्प्टर लावून. आता मला सांग, ती २७ वर्षं इज्जतीत गेली की फुकट गेली? गिटारवाल्याला विचार हे. मी तर म्हणेन की ज्याला स्टँड असल्यामुळे स्टेजवर पाय ठेवायचा धीर येतो त्याने खुशाल स्टँड ठेवावा, बाकीच्यांनी गप्प बसावं.

हे झालं तुझ्या बाजूने. आता कान धरते.

डोळ्यासमोर अक्षर आलं की माणूस वाचतोच. न वाचायचं ठरवूनही जमत नाही, बघ प्रयत्न करून, दुकानाची पाटी दिसली की ती मनात वाचून होतेच. त्यामुळे 'मी फक्त अडलो तरच बघेन' असं म्हणून पूर्ण गाणं समोर ठेवणारे सगळे, अगदी सगळे, ओळ न् ओळ वाचतात. ज्या ओळी झोपेतून उठवलं तरी म्हणता येतील त्यासुद्धा वाचतात. मी वाचलेल्या आहेत ना! आणि एकदा का वाचायला लागलास की गाण्याचं काय होतं ते घरी मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐक, एकदा बघून गा आणि एकदा न बघता, चुका झाल्या तरी चालतील. बघून गाताना श्वास कागदावरची ओळ संपते तिथे घेतला जातो, अर्थ संपतो तिथे नाही. हनुवटी खाली जाते, गळा आवळल्यासारखा होतो, वरचे सूर कोते लागतात. तोंड माइकवरून हलतं, तुझा आवाज मधूनच बारीक होतो आणि साउंडवाला बिचारा फेडर वर-खाली करत बसतो आणि मनात तुला शिव्या देतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे 'तू' हा शब्द गाण्यात येतो तेव्हा तो 'तू' समोर बसलेल्या कोणाला तरी म्हणायचा असतो, तो तू टॅबला म्हणतोस.

म्हणूनच ऑर्केस्ट्रातल्या साठ-सत्तर लोकांनी नोटेशन बघून वाजवलं तरी कोणाचं काही म्हणणं नसतं, कॉयरमध्ये, म्हणजे समूहगायनात, हातात फाइल असली तरी चालतं, आणि गायकाने बघितलं की खटकतं. अन्याय वगैरे काही नाही. व्हायोलिन काही तुझ्याशी बोलत नाही, गायक बोलतो. बोलणारा माणूस दुसरीकडे बघत असेल तर आपल्याला घरातही राग येतो.

आता तुझं ते दुसरं कडवं. तेच का अडलं माहितेय? मुखडा कोणी विसरत नाही कारण तो चार वेळा येतो. पहिलं कडवंही सहसा येतंच, सुरुवात असते, मन ताजं असतं. गाण्याचे शब्द आपल्याला चाल धरून आठवतात, एक ओळ पुढच्या ओळीला ओढत आणते. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्याची चाल एकच असते रे, मग चाल तुला दारापर्यंत नेऊन सोडते आणि तिथे दोन दारं, दोन्ही एकसारखी. तू तिसरं उघडलंस. ओळीच्या मध्ये अडणारा गायक क्वचित सापडेल, सगळे अडतात ते कडव्याच्या पहिल्या शब्दावर, आणि तो एक शब्द कोणी कानात सांगितला तर पुढचं सगळं गाणं धाडधाड येतं. ऑपेरातला तो पेटीतला माणूस नेमकं तेवढंच करतो बघ.

म्हणून तुझ्या स्टँडवर एका गाण्याला फक्त चार-पाच शब्द असावेत. कडव्याचा पहिला शब्द, फार तर पहिले दोन, आणि जिथे तू हमखास घसरतोस तिथला एखादा. 'जरी' की 'तरी', 'आज' की 'काल', असल्या जागा असतात प्रत्येकाच्या. बस. वाचायला काही नसलंच तर वाचणार काय? एक नजर टाकायची, शब्द उचलायचा आणि परत वर बघायचं, आणि ती नजर कधी टाकायची तर आधीच्या कडव्यानंतरचा म्युझिक पीस चालू असताना, गाता गाता नाही. त्या वेळी गिटारवाला सोलो मारत असतो, लोक त्याच्याकडे बघत असतात, तुझ्याकडे कोण बघतंय! (हे त्याला सांग, खूश होईल.)

आणि हे शब्द स्वतःच्या हाताने लिही. टाइप करू नकोस, कॉपी-पेस्ट तर नकोच नको. हाताने लिहिताना शब्दावर थांबावं लागतं, आणि निम्मं पाठांतर तिथेच होतं असा माझा अनुभव आहे, नंतर कागदाकडे बघावंच लागत नाही असं कितीदा झालंय.

पाठ करायची पद्धतही तुझी बहुतेक चुकतेय, राग मानू नकोस. तू गाडीत गाणं लावून सोबत गात असणार. सोबत गाताना आपल्याला सगळं येतंय असं वाटतं कारण मूळ गायक अर्धा शब्द आधी आपल्याला पुरवत असतो, तो गेला की आपण उघडे पडतो. परत परत वाचणं किंवा ऐकणं यापेक्षा, बंद करून आठवायचा प्रयत्न करणं, अडणं, आणि मग बघणं, याने पक्कं होतं. हे माझं मत नाही, मानसशास्त्रवाल्यांनी पुष्कळ वेळा तपासून बघितलेलं आहे. म्हणजे कागद उलटा ठेव आणि शब्द म्हण, चालीशिवाय, साध्या बोलण्यासारखे. चाल काढली की कुठे भोक आहे ते लगेच कळतं. मग तिसऱ्या कडव्यापासून सुरू कर, मग दुसऱ्यापासून, म्हणजे प्रत्येक दार बाहेरून उघडता यायला हवं, फक्त आतून नाही. मग भांडी घासताना, जिना चढताना म्हण, कारण स्टेजवर तुझं लक्ष एकशेआठ गोष्टींकडे असणार आहे, शांत खोलीत पाठ असलेलं तिथे टिकेलच असं नाही. आणि एका रात्रीत बसून तीन तास घोकण्यापेक्षा रोज दहा मिनिटं, मध्ये झोप होऊ दे. झोपेने बसतं ते घोकून बसत नाही.

२२ गाणी हा आकडा बघून तू घाबरलायस पण जरा नीट मोज ना. त्यातली बारा-तेरा तू वर्षानुवर्षं गातोयस, ती पाठच आहेत, त्यांचा कागद नकोच. खरोखर डळमळीत किती निघतील, पाच? सहा? तेवढ्याच गाण्यांचे शब्द स्टँडवर. महिन्याला दोन पक्की झाली तरी खूप झालं, तीन-चार महिन्यांनी स्टँडवर एकच कागद उरेल आणि तो उरू दे, राहू दे तिथे कायमचा, काही बिघडत नाही.

माझी फजिती सांगते, म्हणजे पूर्ण गाणी समोर ठेवणाऱ्यांचं काय होतं ते कळेल. मी तेव्हा एका ग्रुपमध्ये गायचे, माझ्याकडे प्लास्टिकचे कप्पे असलेली जाड फाइल होती आणि मला तिचा फार अभिमान होता. एका शोला दोन पानं एकमेकांना चिकटली, मी दोन्ही एकदम उलटली आणि अत्यंत आत्मविश्वासाने पुढच्या गाण्याचा अंतरा चालू गाण्याच्या चालीत गायला सुरुवात केली. दुर्दैव असं की तो मीटरमध्ये बसला! दोन ओळी गेल्या तरी माझ्या लक्षात आलं नाही, तबलावाल्याच्या चेहऱ्याकडे बघितलं तेव्हा कळलं काहीतरी झालंय. आणि गंमत म्हणजे जे गाणं चालू होतं ते मला लहानपणापासून पाठ होतं. पाठ होतं! पण डोळे कागदावर होते म्हणून मी डोळ्यांचं ऐकलं, कानाचं नाही. त्या फाइलचे प्लास्टिक कप्पे पण एक नंबरचे नालायक, वरचा लाइट पडला की नुसता चकचकाट, काही दिसत नाही. कागद साधा घे, अक्षर मोठं, जाड काळ्या पेनाने, दोन हातांवरून चष्मा न लावता दिसलं पाहिजे. मोकळ्या जागेत शो असेल तर चिमटे. हे चिमटे विसरणारे लोक शोच्या मध्ये स्टेजभर कागद पकडत फिरताना मी पाहिलेत.

टॅबच वापरायचा असेल तर हरकत नाही, पण त्याची स्क्रीन आपोआप बंद होण्याचं सेटिंग आधी बंद कर, फ्लाइट मोडवर टाक, नाहीतर हळव्या गाण्याच्या मध्ये कोणाचा तरी फोन येणार आणि तुझा चेहरा खालून निळा होणार. ब्राइटनेस कमी ठेव, अंधाऱ्या स्टेजवर तो उजेड थेट तुझ्या हनुवटीवर पडतो, भुतासारखा दिसतोस. भर उन्हात तर टॅब तापून बंदच पडतो, तिथे कागदच. आपोआप सरकणारे शब्द, ते ऑटोस्क्रोल वगैरे, त्याच्या नादी अजिबात लागू नकोस, ते एका ठरलेल्या वेगाने सरकतं आणि तुमचा ड्रमर नाही. आणि मोबाइल हातात धरून गाणं मात्र कधीच नको, त्याला मी काहीही कारण ऐकून घेणार नाही, बघणाऱ्याला वाटतं हा मेसेज वाचतोय.

स्टँडची जागा महत्त्वाची. तो तुझ्या आणि लोकांच्या मध्ये नको. कमरेएवढा खाली, जरा बाजूला, आडवा केलेला, म्हणजे खालून बघणाऱ्याला त्याची फक्त कड दिसेल. छातीएवढा उंच उभा स्टँड म्हणजे भिंत आहे, तिच्यामागून गाणारा माणूस लपल्यासारखा वाटतो आणि तू लपतच होतास.

बघून गायलं तर चालतंच अशा वेळा असतात हां. कोणी आजारी पडलं आणि तासभर आधी तुला उभं केलं, कोणाच्या अंत्यविधीला एकदाच गायचं गाणं, फर्माइश आली आणि गाणं दहा वर्षांत म्हटलेलं नाही, तिथे सरळ सांगायचं की बघून म्हणतो, आणि म्हणायचं. सांगून बघितलं तर कोणाला काही वाटत नाही, चोरून बघितलं की वाटतं.

आता समजा एवढं सगळं करूनही विसरलास तर? विसरशीलच कधीतरी. जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड १९६० मध्ये बर्लिनला 'मॅक द नाइफ' गाताना शब्द विसरली, तिने तिथल्या तिथे 'मी शब्द विसरले' हेच गाण्यात घालून नवीन ओळी रचत गाणं पूर्ण केलं, आणि त्याच रेकॉर्डिंगला ग्रॅमी मिळालं. ठीक आहे, आपण एला नाही. पण अमेरिकन गायिका पॅटी स्मिथचं घे. २०१६ ला स्टॉकहोमला नोबेलच्या समारंभात, साहित्याचं नोबेल मिळालेल्या पण तिथे न आलेल्या गायक-गीतकार बॉब डिलनच्या वतीने, त्याचं गाणं म्हणत होती, राजघराणं समोर बसलेलं, आणि मध्येच अडली. थांबली. माफी मागितली, मी खूप नर्व्हस झालेय म्हणाली, परत सुरू करू दे म्हणाली, आणि पूर्ण केलं. लोकांनी टाळ्याच वाजवल्या. तू त्या दिवशी चुकलास ते शब्द विसरण्यात नाही, घाबरून बँडला न सांगता पुढच्या कडव्यावर उडी मारलीस त्यात. पहिलंच कडवं परत म्हटलं असतंस तर दहातल्या नऊ जणांना कळलंही नसतं आणि ड्रमर जागेवर राहिला असता.

यासाठी बँडमध्ये एक खूण ठरवा. तू अडलास की हात मागे घ्यायचा, किंवा गिटारवाल्याकडे वळायचं, काहीही, आणि खूण दिसली की सगळ्यांनी तोच पीस आणखी एकदा फिरवायचा. तालाची चार आवर्तनं मिळाली की शब्द येतात. प्रॅक्टिसला मुद्दाम अडून बघा दोन-तीनदा, हसायला पण येतं आणि भीतीही जाते.

आणि गिटारवाल्याचा रुसवा. त्याच्याशी इज्जतीवर वाद घालू नकोस, तो जिंकेल, असल्या वादात गिटारवालेच जिंकतात. त्याला काम दे. तो तुझ्या शेजारीच उभा असतो, त्याच्यासमोर बहुतेक बॅकिंगचा माइकही असेल, आणि सोलो संपवून तुझ्याकडे गाणं सोपवणारा तोच आहे. म्हण की बाबा रे, स्टँड नको ना तुला, मग प्रत्येक कडव्याचा पहिला शब्द माइकपासून तोंड बाजूला घेऊन मला तू द्यायचास. तुझ्या पाच-सहा डळमळीत गाण्यांचे पंधरा-वीस शब्द होतील, ते त्याला पाठ करायला दे. जमलं तर स्टँड खरंच काढून टाक, माझी काही हरकत नाही.

आणि एवढे शब्द कुठे लक्षात ठेवू असं म्हणाला, तर त्याच्या पायाशी, पेडल्सच्या बाजूला, सेट लिस्ट आणि कॉर्ड्सचा जो कागद टेपने चिकटवलेला असतो ना, त्याच्या खाली अजून जागा असेल बघ.

तुझी,
ताई